धाग्यातील तिसरा बंध

माध्यमिक शाळेत रासायनिक बंधांचे मुख्यतः दोन प्रकार शिकविले जातात. मिठात सोडियम व क्लोरीन यांचे विद्युत्‌भारित कण परस्परांना धरून ठेवतात, तो आयनिक बंध. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन व ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात, तो सहसंयुज बंध. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या औद्योगिक पट्ट्यातील उत्पादने समजून घ्यावयाची तर एवढ्याने भागत नाही.

शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याची स्थापना १९५० च्या दशकातील. व्हिस्कोस रेयॉनचा कच्चा माल म्हणजे लाकडाचा लगदा, अर्थात सेल्युलोज. त्याच्या लांबलचक साखळ्यांत एका साखळीवरील हायड्रोजन शेजारच्या साखळीवरील ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. सहसंयुज बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकेच त्याचे बळ. पण काथ्याच्या दोराप्रमाणे येथेही संख्येचा प्रभाव मोठा! म्हणूनच लाकूड वा कापूस पाण्यात विरघळत नाही.

लगद्याचा धागा करावयाचा तर हे बंध सोडवावे लागतात. कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या प्रक्रियेने साखळ्या अलग होऊन मधासारखा दाट द्रव तयार होतो. बारीक छिद्रांतून तो गंधकाम्लात सोडला की साखळ्या पुन्हा जुळतात आणि धागा बनतो. मात्र पहिली घट्ट रचना परत येत नाही. पाणी आत शिरते आणि ओला रेयॉन बराच कमजोर होतो. ओला कापूस उलट किंचित बळकट होतो. कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेस घातक असल्याने कामगारांच्या दृष्टीने ही पायरी सर्वांत जोखमीची होय.

उल्हासनगरच्या जीन्सची निळाईही दुबळ्या आकर्षणावरच टिकलेली असते. नीळ धाग्याच्या बाह्य थरावर बसते, घट्ट जखडली जात नाही. म्हणून कपडा धुताना विटतो. ती पाण्यात अविद्राव्य असल्याने तुरटी घालून बरीचशी खाली बसविता येते. क्षारांचे तसे नाही. त्यांचे आयन पाण्यात मोकळे होऊन निवळीबरोबर पुढे जातात. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीसारख्या नदीचे पाणी नितळ दिसले, तरी ते शेतीयोग्य आहे असे त्यावरून ठरत नाही. आयन वीज वाहून नेतात. तेव्हा नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी विहिरींचे पाणी तपासताना त्याची विद्युत्‌वाहकताही मोजून घ्यावी.