उन्हावांचून चढणारा रंग

जळगांव, भुसावळ, धुळें इकडच्या श्रोत्यांना उन्हाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारीं बाहेर पडणारा मनुष्य डोक्याला उपरणें गुंडाळूनच पडतो. अशा मुलखांत ऊन न घेतां कातडी सावळी करण्याची युक्ति सांगूं लागल्यास कोणीही हंसेल. पाश्चात्य देशांत तिचा मोठा व्यापार आहे. तेथें हा रंग पिचकारीनें सर्वांगावर फवारतात. त्या हौसेशीं आपल्याला कर्तव्य नाहीं. परंतु ज्या घरांत कोणाच्या हातावर किंवा चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग उमटले आहेत, त्या घराला ही माहिती कामाची आहे.

या रंगाचें मूळ द्रव्य डायहायड्रॉक्सीॲसिटोन नांवाची एक साधी शर्करा होय. तिला स्वतःला रंग नसतो. कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरांतील प्रथिनांशीं तिचा संयोग झाला म्हणजे तपकिरी छटा उमटते. भाकरीला तव्यावर जे खरपूस डाग पडतात, त्यांतही याच जातीची क्रिया असते. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनीं ती १९१२ सालीं वर्णिली. रावेर-यावलचें केळें कापून ठेवलें असतां काळें पडतें, ती गोष्ट मात्र निराळी. तें काम हवेंतील प्राणवायूचें व फळांतील विकरांचें. कातडीवरील या गुणाकडे लक्ष गेलें तें योगायोगानेंच. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें ईव्हा विटगेनस्टाइन या विदुषी आजारी मुलांना हें द्रव्य पोटांत देत असत. तें अंगावर सांडलें तेथें कातडी तपकिरी झाली.

कोडांत रंग निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. बावचीचें बीं वाटून लावावें आणि उन्हांत बसावें, हा आपल्याकडील जुना उपाय. त्यांत तथ्य आहे. बावचींतील सोरालेन अतिनील किरणांच्या साह्यानें उरल्यासुरल्या रंगपेशींना चेतवितें. पण ऊन किंचित् अधिक झालें कीं तेंच कातडी भाजून फोड आणतें. खानदेशच्या उन्हांत हा प्रयोग वैद्यकीय देखरेखीवांचून कोणीं करूं नये. वरील शर्करेला रंगपेशींची गरज नाहीं आणि उन्हाचीही नाहीं. म्हणून ती पांढऱ्या डागावरही रंग आणते. हा इलाज मात्र नव्हे, केवळ आच्छादन आहे.

प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. फवारा टाळून बारीक कुंचल्यानें फक्त डागावरच लावावें, कारण कडेची निरोगी कातडीही रंगते. डोळे, ओठ व श्वास यांपासून द्रव्य दूर ठेवावें. अमेरिकेंत यास मान्यता मिळाली ती केवळ बाह्य लेपापुरती. रंग कांहीं तासांत चढतो आणि कातडी झडते तसा सुमारें आठवड्यांत उतरतो. गुडघ्या-कोपरांवर तो अधिक गडद दिसतो. उन्हापासून त्यानें फारसें रक्षण होत नाहीं. डाग झांकलेलाच ठेवावा.

कोड स्पर्शानें पसरत नाहीं. ‘श्वेतकुष्ठ’ या नांवामुळें त्याची महारोगाशीं गल्लत होते, आणि मुलींच्या विवाहांत त्याचें दुःख फार होतें. तथापि मुलगी दाखवितांना हा रंग लावून डाग लपविण्याच्या फंदांत कोणीं पडूं नये. लग्नाची हळद उतरण्यापूर्वींच तो उतरूं लागेल.