जुन्या बहुस्वरी सिंथेसायझरचे स्वामित्व

मुंबई उपनगरातील गोरेगाव येथे रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांस चित्रपटव्यवसायाच्या इतिहासाचे दोन टप्पे उभे राहिले. पश्चिमेस १९४३ साली स्थापन झालेल्या फिल्मिस्तान संस्थेचा स्टुडिओ होता. पूर्वेस, शहरातील म्हशींचे गोठे हलविण्यासाठी १९४९ साली वसविण्यात आलेल्या आरे दुग्धवसाहतीला लागून, १९७७ च्या सुमारास शासकीय चित्रनगरीची उभारणी सुरू झाली. फिल्मिस्तानच्या १९५४ मधील ‘नागिन’ या चित्रपटात पुंगीचा म्हणून जो आवाज देशभर घुमला, तो पुंगीचा नव्हता. हेमंतकुमार यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली कल्याणजी वीरजी शहा यांनी तो क्लॅव्हियोलिन नावाच्या, शून्यनलिकांवर चालणाऱ्या फ्रेंच वाद्यावर वाजविला होता व रवि यांच्या हार्मोनियमची त्यास जोड होती. विद्युत्-निर्मित स्वर मराठी व हिंदी श्रोत्यांच्या कानी पडून आज सत्तर वर्षे होऊन गेली आहेत. मात्र ज्या यंत्रांतून तो स्वर निघाला, त्यांची घडण, त्यांची खरेदी आणि त्यांची जोपासना यांविषयी विद्यापीठीय पातळीवर फारसा विचार झालेला नाही. प्रस्तुत लेखात त्या मालिकेतील एका वाद्यप्रकाराचा, म्हणजे जुन्या ॲनालॉग बहुस्वरी सिंथेसायझरचा, या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

क्लॅव्हियोलिनवर एका वेळी एकच स्वर निघत असे. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या कल्पक वादकांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत जो मूग सिंथेसायझर आणला, तोही एकस्वरीच होता. अनेक स्वर एकदम वाजविता येतील असे सिंथेसायझर अमेरिकेत व जपानात १९७५ नंतर तयार होऊ लागले. यामाहाचा सीएस-८० हा त्यांतील एक. त्याचे वजन सुमारे शंभर किलो असल्याने वादकापेक्षा हमालांनाच त्याचा परिचय अधिक झाला असावा. १९७८ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचा पाच आवाजांचा प्रॉफेट-५ आणि १९८१ मध्ये रोलंड कंपनीचा आठ आवाजांचा ज्युपिटर-८ बाजारात आला. १९८३ साली यामाहाचे डीएक्स-७ हे अंकीय वाद्य अवतरले आणि पुढील चारपाच वर्षांतच ॲनालॉग वाद्ये मोडीत निघाली. म्हणजे ज्या वाद्यांना आज संग्राहक दुर्मीळ म्हणतात, त्यांच्या भरभराटीचा काळ जेमतेम एका तपाचा आहे.

‘बहुस्वरी’ या शब्दाचा येथील अर्थ हार्मोनियमच्या तुलनेने चटकन ध्यानात येतो. पेटीत प्रत्येक पट्टीचा सूर स्वतंत्र असतो. दहा पट्ट्या दाबल्या तर दहाही सूर वाजतात. सिंथेसायझरची रचना याहून भिन्न आहे. ज्युपिटर-८ ला पट्ट्या ६१ आहेत, पण आवाज आठच. प्रत्येक आवाज म्हणजे दोन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि नादाचा चढउतार ठरविणारी मंडले असा पूर्ण संच होय. कोणती पट्टी दाबली हे आतील सूक्ष्मप्रक्रियक पाहतो आणि मोकळ्या असलेल्या आवाजास त्या पट्टीच्या कामावर नेमतो. नववी पट्टी दाबली, तर आठांपैकी एकास आधीचे काम सोडावे लागते. आठ गायकांच्या वृंदाकडून ६१ जागा भरून घेण्याचाच हा प्रकार आहे. गायकांपैकी एकाचा जरी घसा बसला, तरी दोष कोणत्या पट्टीवर प्रकट होईल हे सांगता येत नाही. खरेदीच्या प्रसंगी या गोष्टीचे महत्त्व किती, ते पुढे येईलच.

‘ॲनालॉग’ म्हणजे काय, हाही प्रश्न या वाद्यांच्या बाबतीत केवळ परिभाषेचा नाही. या वाद्यात स्वर हा अंक नसून विजेचा दाब असतो. बहुतेक रचनांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. दाब बेरजेने वाढतो, पण कंपनसंख्या गुणाकाराने वाढावी लागते. हे रूपांतर ट्रान्झिस्टरच्या एका स्वाभाविक गुणधर्माने साधते, आणि तो गुणधर्म निरपेक्ष तापमानावर अवलंबून आहे. अडचणीचे मूळ येथेच आहे. खोलीचे तापमान २७ अंश, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० अंश, धरले तर एका अंशाचा फरक हा एकतीनशेांश होय. सप्तकाचे १२०० सेंट मानल्यास दर अंशामागे दर सप्तकात चार सेंटांची चूक पडते. तापमान वाढले की सप्तक आखूड होते, उतरले की लांबते.

हा हिशोब आरे कॉलनीतील एखाद्या खोलीस लावून पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या उपनगरांत हिवाळ्यातील पहाट आणि दुपार यांच्या तापमानात बारा ते पंधरा अंशांचे अंतर पडते. आरे-बोरिवलीच्या वनराईत पहाट शहरापेक्षा अधिकच गार असते. चौदा अंशांचा फरक धरला, तर तीन सप्तकांच्या अंतरात १६८ सेंट, म्हणजे दीड अर्धस्वराहून अधिक, चूक होईल. पहाटे जुळविलेले वाद्य दुपारी वाजविण्याच्या लायकीचे उरणार नाही. अर्थात निर्मात्यांना हे ठाऊक होते. तापमानाबरोबर ज्याचा रोध वाढतो असा विशेष रोधक ते मंडलात योजीत, आणि प्रॉफेट-५ व ज्युपिटर-८ यांमध्ये तर एक कळ दाबताच सूक्ष्मप्रक्रियक प्रत्येक ऑसिलेटर मोजून दुरुस्ती करतो. तथापि ही भरपाई कधीच संपूर्ण नसते. वाद्य चालू केल्यावर आतील उष्णता स्थिरावण्यास अर्धा तास द्यावा, मग जुळवणीची कळ दाबावी आणि पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नये, हा नियम आजही पाळावा लागतो. तंबोरा जुळविण्यास बैठकीपूर्वी वेळ देणाऱ्या परंपरेला यात अनोळखी असे काही नाही.

उरलेली अल्पशी चूक ही दोष मानावी की गुण, याविषयी मतभेद आहे. आठ आवाज एकमेकांपासून दोनतीन सेंटांनी ढळलेले असले, तर त्यांच्या मीलनातून जी मंद लहर उठते, तिलाच रसिक ‘उबदार’ म्हणतात. मात्र ही लहर आणि श्रुतिभेद या दोन गोष्टींची गल्लत होऊ देणे योग्य नाही. शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. समविभागी कळफलकावर तो ४०० सेंटांवर येतो. प्रमाणश्रुति सुमारे २२ सेंटांची. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचे गणित ग्रंथरूपाने मांडले आणि ई. क्लेमंट्स यांच्या साहचर्याने श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग झाला, तो याच १४ सेंटांच्या अंतरासाठी. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला जवळजवळ बंदीच घातली, तिच्याही मुळाशी अचल स्वर आणि मींडेचा अभाव हे आक्षेप होते. पैकी दुसऱ्या आक्षेपास सिंथेसायझरजवळ उत्तर आहे, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर दाब सावकाश सरकविता येतो. पहिल्यास नाही. ऑसिलेटरचे ढळणे हे गायकाच्या गांधाराप्रमाणे रागाच्या आज्ञेने होत नाही; ते हवेच्या आज्ञेने होते.

या पार्श्वभूमीवर चरणजित सिंग यांच्या कामगिरीकडे पाहणे उद्बोधक ठरते. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गिटार व कळफलक वाजविणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे ते राग. सुरावटीसाठी ज्युपिटर-८, खर्जासाठी रोलंडचाच टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८ अशी तीन यंत्रे त्यांनी वापरली; तबला नव्हता. आठ आवाजांचे वाद्य हाती असता त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरसंघातांचा मोह बहुतांशी टाळला, आणि एकाच सुरावटीस नाद व सरकत्या स्वरांचे वैपुल्य देण्याकडे त्याचा उपयोग केला. यमन-भूपाळीचा गांधार अर्थात १४ सेंट चढाच राहिला. ध्वनिमुद्रिका त्या काळी चालली नाही. २०१० साली हॉलंडमधून तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर मात्र शिकागोतील ‘ॲसिड’ नावाच्या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून पश्चिमेकडील श्रोते चकित झाले. त्या साम्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण रागाच्या अंगाने तिचा विचार व्हावयाचा तसा अद्याप झालेला नाही. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत निवर्तले.

ज्युपिटर-८ ची अमेरिकेतील मूळ किंमत सुमारे ५,३०० डॉलर होती. १९८१ च्या विनिमयदराने ही रक्कम शेहेचाळीस हजार रुपयांच्या घरात जाते, तीही भाडे व सीमाशुल्क वगळून. परकीय चलन व आयात यांवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात परदेश-दौऱ्यावर गेलेल्या वादकाने सामानाबरोबर वाद्य आणणे हाच त्यातल्या त्यात सुलभ मार्ग होता. आज परदेशी बाजारात त्याच वाद्यास वीस हजार डॉलरांहून अधिक किंमत पडते. अशी रक्कम मोजणाऱ्याने, व्यक्ती असो वा संस्था, दृष्टिसुखावर विसंबून व्यवहार करू नये.

पहिली परीक्षा सोपी आहे. वाद्य अर्धा तास तापू द्यावे, आवाज फिरत्या क्रमाने नेमले जातील अशी योजना ठेवावी आणि एकच पट्टी सावकाश आठ, सोळा, चोवीस वेळा दाबावी. दर आठव्या ठोक्यास स्वर मंद, बेसूर वा कर्कश येत असेल, तर एक आवाज बिघडलेला आहे. अनेक विक्रेते स्वरसंघात वाजवून दाखवितात. त्यात आठांपैकी एकाची उणीव सहज लपते. दुसरी परीक्षा वाद्य उघडून करावयाची. जुन्या काही वाद्यांत स्मृती टिकविण्यासाठी बसविलेला निकेल-कॅडमियमचा सेल कालांतराने पाझरतो आणि त्यातील क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. कॉर्ग पॉलिसिक्स हे याचे कुप्रसिद्ध उदाहरण. रोलंड ज्युनो-१०६ मध्ये आवाजाच्या चिपांवर ओतलेला राळेचा थरच पुढे त्यांचा घात करतो, आणि ॲसिटोनमध्ये बुडवून तो काढावा लागतो. तिसरी गोष्ट वीजदाबाची. जपानी बाजारासाठी बनलेले वाद्य १०० व्होल्टवर चालते. भारतातील २३० व्होल्टच्या प्लगात ते घातले, तर क्षणात निकामी होईल. मागील पट्टीवरील आकडा वाचल्यावाचून जोडणी करू नये, ही सूचना अनावश्यक वाटेल, पण महागात पडलेले अज्ञान बहुधा इतक्या साध्या ठिकाणचेच असते.

सुटे भाग मिळण्याची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. प्रॉफेट-५ च्या उत्तरकालीन आवृत्त्यांत वापरलेल्या कर्टिस चिपांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले, आणि लॅटव्हियातील रीगा येथील आल्फा ही कंपनी त्यांची व इतर जुन्या चिपांची प्रतिरूपे बनविते. कठीण आहे ते जाणता कारागीर मिळणे. आठ आवाज एकमेकांशी जुळवून देणे हे दिवसभराचे काम असते आणि ते सर्किटच्या नकाशाइतकेच कानावर अवलंबून असते.

पावसाळा हा या वाद्यांचा खरा शत्रू. सांताक्रूझच्या नोंदीनुसार उपनगरांत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत. आरेसारख्या झाडीच्या ठिकाणी भिंती दसऱ्यापर्यंत ओल सोडत नाहीत. पट्ट्यांखालील संपर्क काळवंडतात, सरकत्या नियंत्रकांत खरखर येते, सॉकेटमधील चिपांच्या पायांना गंज चढतो. वाद्य प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे हा घरगुती उपाय सर्वांत वाईट, कारण त्याने ओल आतच कोंडली जाते. आठवड्यातून दोनदा तासभर वाद्य चालू ठेवावे. त्याची स्वतःची ऊब ओल हटविते. न वाजविलेले वाद्य सुरक्षित राहते हा समज मुंबईपुरता तरी खोटा आहे.

एवढा खटाटोप टाळून तोच नाद मिळविण्याचे मार्ग आज उपलब्ध आहेत. २०२० मध्ये प्रॉफेट-५ ची नवी ॲनालॉग आवृत्ती निघाली. ज्युपिटर-८ चे संगणकीय प्रतिरूप त्याच्याही पूर्वीपासून मिळते. ज्यास केवळ संगीतरचना करावयाची आहे, त्याने हेच घ्यावे. जुन्या वाद्याचा हट्ट त्याच्या बाबतीत हौसेपलीकडे जात नाही. संशोधकाची गोष्ट निराळी. मुंबईच्या एखाद्या वादकाने वीसपंचवीस वर्षे वापरलेल्या वाद्यात त्या यंत्राखेरीज आणखी काही असते. ज्युपिटर-८ मध्ये नादरचनांच्या चौसष्ट जागा आहेत, आणि त्या एका छोट्या बॅटरीच्या बळावर जिवंत राहतात. कोणत्या चित्रपटगीतासाठी कोणता नाद कसा घडविला, याचा लेखी पुरावा बहुधा कोठेच नसतो. तो असलाच तर त्या चौसष्ट जागांत असतो. दुरुस्तीस दिलेल्या वाद्याची बॅटरी कारागीर सद्भावनेने बदलतो आणि त्या क्षणी सर्व जागा कायमच्या पुसल्या जातात.

म्हणून असे वाद्य कोणा वादकाच्या कुटुंबाकडून विकत वा देणगीदाखल मिळाले, तर बॅटरीस हात लावण्यापूर्वी मागील बाजूच्या टेप-जोडणीतून स्मृतीतील मजकूर ध्वनिरूपाने उतरवून घ्यावा व त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. वाद्य चालू होत असेल तर चौसष्ट जागांपैकी प्रत्येकीचा एक स्वर व एक स्वरसंघात मुद्रित करावा, आणि कळा व सरकनियंत्रकांच्या स्थितीची छायाचित्रे घ्यावीत. नाद जतन करण्याची कळ त्यापूर्वी दाबू नये. वाद्यक्रमांक, वीजदाब, बदललेल्या भागांची यादी आणि मूळ मालकाने सांगितलेली माहिती एका वहीत नोंदवून ती वही वाद्याबरोबरच ठेवावी. एवढे झाल्यावर मग कारागिरास बोलवावे.