एक गोष्ट, हजार वाटा

चित्रपटाच्या पटकथा लिहिणारा लेखक उद्या व्हिडिओ गेमसाठी लिहू लागला, तर त्याला प्रथम काय शिकावे लागेल? तुम्ही म्हणाल, संगणकाची भाषा. पण त्याची गाठ आधी पडते ती गणिताशी!

असा प्रसंग खरोखरच आला होता. ५ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांनी संप पुकारला. इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या चित्रपट-मालिकांच्या उत्पन्नात लेखकांना वाटा मिळावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. संप १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत, म्हणजे १०० दिवस चालला. या काळात स्टुडिओंसाठी लेखन बंद. मग चूल कशी पेटावी? व्हिडिओ गेमचे लेखन चित्रपट-दूरचित्रवाणीच्या त्या करारात येत नव्हते. त्यामुळे काही पटकथालेखक तिकडे वळले.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पाने पुरतात, कारण कथा एकाच रुळावरून धावते. गेममध्ये मात्र खेळणारा ठरवितो, पूल ओलांडायचा की मागे फिरायचे. प्रत्येक निवडीपाशी कथेला दोन फाटे फुटतात.

आता आकडेमोड करू. प्रत्येक प्रसंग एका पानाचा आणि निवडीच्या जागा १० आहेत, असे समजा. पहिले पान १, मग २, मग ४, मग ८... दहाव्या निवडीनंतर १,०२४ निरनिराळे शेवट! सर्व पानांची बेरीज १ + २ + ४ + ... + १,०२४ = २,०४७. खेळणारा यांतील फक्त ११ पाने पाहणार. एवढे लिहायचे कोणी?

यावर युक्ती आहे. नदी बेटाला वळसा घालते आणि पुढे पुन्हा एक होते, तसे दोन्ही फाटे पुढच्या प्रसंगात एकत्र आणायचे. मग प्रत्येक निवडीमागे दोन फाट्यांची दोन व संगमाचे एक, अशी तीनच पाने लागतात. एकूण १ + (१० × ३) = ३१ पाने! वाटा मात्र १,०२४ च राहतात.

पण खेळणारा कोणत्या फाट्याने आला, हे विसरून कसे चालेल? संगणक प्रत्येक निवडीची ० किंवा १ अशी नोंद ठेवतो. अशा १० अंकांत १,०२४ नोंदी मावतात. पुढे एखादे पात्र त्या नोंदीप्रमाणे ‘तू मला वाचवलेस’ म्हणते, नाहीतर तोंड फिरवते.

नोंद संगणक ठेवतो. परंतु त्या पात्राने काय बोलावे, हे कोणीतरी सुचवावे लागते. संपाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: माध्यम बदलले, तरी लिहिणाऱ्याच्या श्रमांचे मोल कोण देणार? २००८ च्या करारात लेखकांना इंटरनेटच्या उत्पन्नात वाटा मिळाला. २०२३ साली ते पुन्हा १४८ दिवस संपावर गेले, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधने हवीत, हीही एक मागणी होती.

आता तुम्ही करून पाहा. निवडीच्या जागा ५ आणि प्रत्येक जागी फाटे ३ असतील, तर वाटा किती? आणि फाटे दर वेळी एकत्र आणले, तर पाने किती लागतील?

(उत्तर : वाटा २४३, पाने २१.)