हॉस्पिस निवडताना : रात्री दोनला फोन कोण उचलणार?

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलंच, ‘एवढं अभद्र कशाला बोलायचं?’ पण मीरा रोडमध्ये अशी इमारत शोधून सापडणार नाही, जिच्यातल्या एखाद्या घरी हा प्रश्न आलेला नाही. मोठ्या रुग्णालयातून डिस्चार्ज मिळतो. डॉक्टर म्हणतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवा म्हणजे नेमकं काय, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. वडिलांना दुखतंय, झोप नाही, जेवण तुटलंय, आणि मुलगा मोबाइलवर ‘निअर मी’ लावून शोधत बसतो.

आधी शब्दाचा अर्थ नीट करून घेऊ. हॉस्पिस म्हणजे मरायला नेऊन ठेवायची जागा नव्हे. आजार बरा होण्यासारखा राहिला नाही, की दुखणं, दम लागणं, उलट्या, जखमा, भीती यांच्यावर होणारे उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात ते जिथे किंवा ज्यांच्याकडून मिळतात ते हॉस्पिस. म्हणजे उपचार थांबत नाहीत, त्यांचं उद्दिष्ट बदलतं. लंडनमध्ये सिसली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स सुरू केलं आणि आधुनिक हॉस्पिसची घडी बसली. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस तर इथून लोकलने तासाभराच्या आतच आहे. टाटा मेमोरियलचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीजवळ, शांती आवेदना सदन उभं केलं. तिथे पैसे घेत नाहीत. मात्र ते वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तेही विनामूल्य, आणि तेही मुख्यतः कर्करोगासाठी.

इथेच पहिली अडचण येते. तुमच्या आईला कर्करोग नसून पार्किन्सन्स असेल, मूत्रपिंडं निकामी झाली असतील किंवा फुप्फुसं थकली असतील, तर यादी एकदम आखडते. म्हणून फोन केल्यावर ‘खाट आहे का’ हे नंतर विचारा. ‘या आजाराचा रुग्ण घेता का’ हे आधी. हेलपाटा वाचतो. भक्तिवेदांत हॉस्पिटल आपल्या सृष्टीतच आहे, १९९८ पासून, त्यामुळे त्यांचं हॉस्पिसही इथेच असेल असं काही जणांना वाटतं. त्यांचं हॉस्पिस वृंदावनात आहे. इथल्या रुग्णालयात सध्या कोणती पॅलिएटिव्ह सेवा मिळते, ते तिथे जाऊन विचारून घ्यावं.

आता खरं बोलू. मीरा रोडच्या बहुतेक कुटुंबांना शेवटचे आठवडे घरीच काढावे लागतात, आणि बऱ्याच रुग्णांना हवंही तेच असतं. वांद्र्याला खाट मिळाली तरी सुनेनं रोज जाऊन-येऊन करायचं, की एकानं रजा टाकून तिथे बसायचं, हे घरात ठरवावंच लागतं. तेव्हा निवड बहुधा इमारतीची नसते. घरी येणारी टीम कोण, याची असते.

आणि नेमका इथे घोळ होतो. स्टेशनपासून शांतीनगरपर्यंत नर्सिंग ब्युरोचे बोर्ड दिसतात. बारा तासांची मावशी, चोवीस तासांचा वॉर्डबॉय, भाड्याने पलंग, ऑक्सिजन. ही माणसं लागतात, त्यांच्यावाचून घर चालत नाही, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण ते हॉस्पिस नव्हे. मावशी कूस बदलून देईल, पुसून काढेल. दुखणं वाढलं तर औषधाचा डोस वाढवायचा की नाही, हे ती ठरवू शकत नाही आणि तिनं ठरवूही नये. ‘होम हॉस्पिस’ म्हणून जाहिरात असेल तर एकच विचारा : तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअर शिकलेला डॉक्टर आहे का, आणि तो घरी येऊन तपासणार का?

दुसरा प्रश्न मॉर्फिनचा. आम्ही तर म्हणू, संस्था पारखायची हीच कसोटी. तीव्र वेदनेवर मॉर्फिनसारखं खात्रीचं आणि स्वस्त औषध क्वचितच. तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांची इतकी भानगड झाली की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. म्हणून थेट विचारा : ‘तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडून मिळेल का? संपलं तर किती वेळात?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर लावा.

मॉर्फिन म्हटलं की घरात दोन भीती उठतात. सवय लागेल, आणि श्वास थांबेल. दुखण्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्यापासून सुरू करून वाढवत नेलं तर या भीतीत फारसा दम नाही. खरा त्रास वेगळाच आहे. बद्धकोष्ठ होतो, आणि तो बहुतेकांना होतो. म्हणून चांगला डॉक्टर मॉर्फिनबरोबरच पोट साफ होण्याचं औषध लिहितो. चिठ्ठीवर ते नसेल तर विचारा. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. त्यामुळे ती घड्याळ लावून द्यायची, ‘दुखेल तेव्हा देऊ’ असं नाही. गिळता येईनासं झालं तर कातडीखालच्या बारीक सुईतून औषध देता येतं आणि घरच्यांनाही ते शिकवतात. तुमची टीम ते शिकवते का, हेही विचारून ठेवा.

तिसरा प्रश्न शीर्षकातला. रात्री दोनला धाप लागली तर फोन कोण उचलणार? डॉक्टर, नर्स, की ‘कार्यालयीन वेळ दहा ते सहा’ सांगणारं मशीन? फोनवर जाणता माणूस नसेल तर घाबरलेलं घर रुग्णवाहिका बोलावतं आणि पहाटेपर्यंत रुग्ण आयसीयूत, नळ्या लावलेल्या. जे नको म्हणून एवढा खटाटोप केला, तेच होतं. यात कुणाचा दोष नसतो. समोर आपलं माणूस तडफडत असताना हातावर हात ठेवून कोण बसेल?

यासाठी कागदही उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. पण रुग्ण शुद्धीत, विचार करण्याच्या स्थितीत असतानाच हे करता येतं. उशीर झाला की संपलं.

म्हणून, केव्हा शोधायचं? शेवटच्या आठवड्यात नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : ‘हा रुग्ण वर्षभरात गेला तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?’ ‘नाही’ म्हणाले, तर चौकशीला लागा. खाट अडवायची नाही, नुसती ओळख करून ठेवायची. बायॉप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी एका फाइलीत तयार ठेवायची. विमा असेल तर पॉलिसी वाचा. कित्येक पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, मग घरच्या सेवेचा खर्च अंगावर येतो.

एक ताई विचारताहेत, आईला सांगितलेलं नाही, टीमनंही सांगू नये असं चालेल का? चालेल असं आम्ही म्हणणार नाही. टीम पहिल्याच दिवशी जाऊन काही फोडत नाही. पण आईने विचारलं, ‘मी बरी होणार ना?’ तर ते खोटंही बोलणार नाहीत. आधी त्यांच्याशी बसून बोला. आईला किती कळलंय, किती ऐकायचंय, हे काढून घेण्यात ही माणसं सरावलेली असतात, आणि बहुतेक वेळा आईला आपल्यापेक्षा जास्तच कळलेलं असतं.

शेवटचा मुद्दा, जो कुणीच विचारत नाही. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४-अ, सही करून देणार कोण? खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलंच नसेल तर ते नकार देतील, आणि त्यांचं चूक नाही. स्मशानभूमीत तर डॉक्टरांचा कागद मागतातच. पहाटे चारला, प्रेत घरात असताना, डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ येऊ नये. आजारपणात नियमित येणाऱ्या डॉक्टरांना तो दाखला देता येतो, म्हणून ठरवतानाच विचारा : सुट्टीच्या दिवशी, रात्रीही, तुम्ही किंवा तुमचा कुणी येऊन देईल ना? पुढे महापालिकेत नोंद करायला एकवीस दिवस असतात, तेवढे पुरतात.