धबधब्याचा शटर स्पीड किती?

पावसाळ्यात ठोसेघरच्या धबधब्यासमोरच्या गॅलरीत ट्रायपॉड लावून उभं राहिलं की शेजारून हमखास विचारणा होते, “शटर स्पीड किती ठेवलाय?” सांगितलेला आकडा लावूनही विचारणाऱ्याचा फोटो आपल्यासारखा येत नाही, कारण पाण्यासाठी असा ठरलेला आकडा नसतोच. पाच मीटर खाली कोसळलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. १/१००० सेकंदात ते १ सेंटिमीटर सरकतं, १/६० सेकंदात सुमारे १६ सेंटिमीटर. दरीपलीकडून पाहताना हा १ सेंटिमीटर कुठल्या कुठे हरवतो आणि पाणी गोठलेलं दिसतं. तेच पाणी हातभर अंतरावरून टिपलं, तर थेंबाची रेघ उमटते. पाण्याचा वेग, आपलं अंतर आणि लेन्स, आकडा या तिघांच्या हिशेबाने ठरतो.

दुसरा समज असा, की शटर जितका वेळ उघडं तितकं पाणी सुंदर. मला हे अजिबात पटत नाही. पाव ते एक सेकंदात धबधब्याच्या धारा वेगवेगळ्या दिसतात, त्यांचा पोत राहतो. तीस सेकंदांत भरलेल्या धबधब्याची नुसती पांढरी चादर होते. समुद्राचं मात्र वेगळं. कोकणातल्या कातळावरून लाट मागे हटताना अर्धा सेकंद दिला, तर फेसाच्या रेघा ओढल्या जातात आणि दोन-तीन मिनिटं दिली, तर धुकं पसरल्यासारखं होतं. दोन्ही चित्रं आपापल्या जागी खरी.

लेन्सवर चढवायच्या, उजेड घटवणाऱ्या एनडी फिल्टरवाचून हे जमतच नाही, असंही सांगतात. रणरणत्या उन्हात तो लागतोच. पण ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवलं, तर साधारण १/१५ सेकंद सहज मिळतो. पोलरायझर फिल्टर चढवला की तो पाव सेकंदाच्या आसपास जातो, शिवाय ओल्या खडकांवरची चकाकी कमी होते. उजेड घटवायला एफ/२२ वर मात्र जाऊ नका, तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने सगळं चित्रच मऊ पडतं.

थेंब गोठवायला अतिवेगवान शटर हवं, हेही अर्धसत्य. अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट गोठवला तो फ्लॅशच्या क्षणिक लखलखाटाने. आजचा साधा फ्लॅशही कमी शक्तीवर १/१०,००० सेकंदाहून कमी काळ चमकतो. अंधाऱ्या खोलीत तेवढा पुरतो, शटर हळू असलं तरी.

आणि रेशमी पाणी म्हणजे आजकालची बनवाबनवी, असं म्हणणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातले फोटो पाहावेत. तेव्हा फोटो ज्यांवर उमटायचे त्या काचा प्रकाशाला इतक्या मंद होत्या, की वाहतं पाणी बहुधा धूसरच उमटायचं.

या पावसाळ्यात एकाच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, १/१०००, १/६०, पाव आणि दोन सेकंद असे चार फोटो काढा. उजेड फार होईल तिथे फिल्टर लावा आणि घरी आल्यावर चारही शेजारी ठेवून पाहा.