शिवमुद्रा आणि दफ्तराची मर्यादा

छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा आज महाराष्ट्रात घरांच्या दारांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आणि वाहनांच्या काचांवर इतकी सर्वत्र आढळते की, ती मुळात दफ्तरातील रोजच्या वापराची वस्तू होती, उलटी अक्षरे कोरलेला तो ठसा शाई लावून कागदावर दाबला जात असे आणि त्या उमटलेल्या अक्षरांवर कोणाची पाटिलकी, कोणाचे इनाम, तर कोणाचे प्राणही अवलंबून असत, याचे विस्मरण सहज व्हावे. मुद्रेचे काव्य सर्वांना ठाऊक आहे. तिचे कामकाज मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे, आणि माझ्या मते तिचे थोरपण त्या कामकाजातच अधिक आहे.

ही मुद्रा धारण करणाऱ्या अगदी आरंभीच्या अस्सल पत्रांपैकी एक 28 जानेवारी 1646 चे आहे. खेडेबारे तर्फेतील रांझे गावचा मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअंमल केला, चौकशीत गुन्हा शाबीत झाला, त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटिलकी काढून त्याच्याच गोतातील सोनाजी गुजर यास दिली गेली, असा त्याचा आशय. हुकूम देणारे शिवाजीराजे तेव्हा सोळाव्या वर्षाच्या आतबाहेर होते. पत्र त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे फार्सी वळणाच्या मराठीत लिहिलेले, कालगणना अरबी शुहूर सनाची. त्याच कागदाच्या माथ्यावर मात्र शुद्ध संस्कृत मुद्रा! शहाजीराजांची मुद्रा फार्सी होती, जिजाऊसाहेबांचीही फार्सीच होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आठ कोनांत केवढा निश्चय सामावला होता, याची कल्पना येते.

मुद्रेतील अनुष्टुभाचा आशय असा की, शुक्ल प्रतिपदेच्या चंद्ररेखेप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभत आहे. प्रतिपदेची कोर नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. लोक चंद्रदर्शन घेतात ते द्वितीयेला. म्हणजे जे अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही, पण ज्याची वृद्धी पंचांगाइतकी निश्चित आहे, अशा गोष्टीची उपमा कवीने निवडली. शिवाय त्यात राजा, अधिपती, विजेता असे एकही बिरुद नाही. पित्याच्या नावाने ओळख सांगणारा पुत्र तेवढा आहे, आणि वाढते, वंद्य होते, शोभते ती मुद्रा. फार्सी मुद्रांवर पुष्कळदा हिजरी सन कोरलेला असे. येथे वर्षच नाही. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, पत्रांचे मायने बदलले, राज्याभिषेक शक सुरू झाला, परंतु मुद्रेचा मजकूर कायम राहिला. छत्र धारण केल्यावरही नवी बिरुदे मुद्रेत घालावीत असे महाराजांना वाटले नाही, याचा मला विशेष आदर वाटतो. अष्टकोनातून अष्टदिशांचा अर्थ काढण्याची प्रथा आहे, आणि 2022 साली भारतीय नौदलाने नव्या निशाणावर अष्टकोन घेतला तो याच मुद्रेच्या प्रेरणेने. तथापि मुद्रेचे मर्म आकृतीपेक्षा मजकुरात आहे.

मोठ्या मुद्रेइतकीच महत्त्वाची होती ती पत्राच्या शेवटी उमटणारी लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब. लेखनाची मर्यादा येथे संपली, एवढाच तिचा अर्थ. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढी आणि मग शब्दाशब्दांत अंतर न ठेवता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. त्यामुळे ओळीच्या मध्ये एखादा शब्द घुसडणे दुरापास्त होई, आणि शेवटच्या अक्षरानंतर मोर्तब झाले की पुढे चार अक्षरे वाढवण्याचीही सोय उरत नसे. राज्याभिषेकसमयीच्या कानुजाबत्याने, म्हणजे कारभाराच्या नियमपत्राने, ही जबाबदारी माणसामाणसांत वाटून दिली. सचिवाने, म्हणजे पूर्वीच्या सुरनिसाने, राजपत्रे तपासून अधिकउणे अक्षर शुद्ध करावे, मुख्य प्रधानाने शिक्का करावा. 'सुरू सूद', 'बार' अशा शेऱ्यांनी कागद दफ्तरी रुजू झाल्याची साक्ष राही. राजाची आज्ञा इतक्या हातांखालून गेल्यावाचून आज्ञा ठरत नव्हती. ही मर्यादा लेखकावर होती तशी राज्यावरही होती.

संभाजीराजांनी आपल्या मुद्रेस आकाशाची उपमा दिली, राजारामांच्या मुद्रेत दाशरथी रामाचे स्मरण आहे. पेशव्यांच्या मुद्रेत आरंभी छत्रपतीचे नाव, मग 'नरपति हर्षनिधान' आणि शेवटी स्वतःचे नाव व मुख्य प्रधानपद असा क्रम होता. पुढे सर्व सत्ता पुण्यात एकवटली तरी साताऱ्याच्या स्वामींचे नाव मुद्रेतून गेले नाही. कोणी यास केवळ उपचार म्हणेल; परंतु ज्या उपचाराशिवाय सनद ग्राह्य ठरत नाही, त्यास पोकळ कसे म्हणावे?

1818 साली इंग्रजी अंमल आल्यावर हे ठसे थंडावले, पण त्यांची कागदावरील अक्षरे कामास आली ती वेगळ्याच प्रसंगी. 1852 च्या 11व्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या चौकशीचे अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनी वाहणाऱ्या घराण्यांना रुमालांतून जुन्या सनदा सोडून साहेबापुढे मांडाव्या लागल्या. पुण्याच्या दफ्तरातील नोंदींशी त्या ताडून पाहिल्या जात. पुढे वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी अशाच घरोघरच्या दफ्तरांतून इतिहासाची साधने गोळा केली, तेव्हा बनावट कागदही पुष्कळ समोर आले. बनावट करणारा मोठ्या मुद्रेतील श्लोक बहुधा नीट कोरी, कारण तो सर्वांच्या तोंडी होता. त्याची लबाडी उघडी पडे ती न जुळणाऱ्या सनामुळे, चुकलेल्या मायन्यामुळे, आणि सुरनिसाच्या शेऱ्याच्या रिकाम्या राहिलेल्या जागेमुळे.