रोपांसाठीं काथ्याचा भुसा : क्षारांची परीक्षा व धुलाई

हल्लीं मिरची, टोमॅटो, कोबी इत्यादि भाजीपाल्याचीं रोपें वाफ्यांत न करतां प्लॅस्टिकच्या कप्पेदार ट्रेमध्यें वाढविण्याची वहिवाट पडली आहे. ह्या ट्रेंत माती भरीत नाहींत. नारळाच्या सोडणांतून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात, तो भरतात. परदेशांत ह्याच कामीं पीट मॉस, म्हणजे दलदलींत दीर्घकाल सांचून राहिलेलें शेवाळ, वापरतात. तें कॅनडा व बाल्टिक समुद्राकांठचे देश येथून येतें आणि आपणांस महाग पडतें. पीट मॉसमध्यें क्षार मुळांतच थोडे, पण आम्लता फार. काथ्याच्या भुशाचें उलट आहे : आम्लता बेताची, परंतु क्षारांचा भरंवसा नाहीं. तो कसा तपासावा व कसा धुवावा ह्यासंबंधीं आम्हांस ठेच लागून जें कळलें, तें वाचकांपुढें मांडीत आहों.

सन २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्हीं एका व्यापाऱ्याकडून ५ किलोच्या दहा वड्या आणल्या. वडीवर ‘धुतलेलें’ असा छाप होता. उगवण उत्तम झाली. परंतु पानांच्या दुसऱ्या जोडीपासून कडा करपूं लागल्या, शेंडे आंखडले, आणि पंधरा दिवसांत निम्मीं रोपें गेलीं. आम्हीं प्रथम बियाण्यास दोष दिला, मग रोग समजून औषध फवारलें. दोन्ही खर्च फुकट गेले, व ऐन लागवडीच्या वेळीं रोपें विकत घ्यावीं लागलीं. पुढें आमच्या भाच्यानें भुशाचें पाणी गाळून त्यांत क्षारमापक यंत्र बुडविलें, तेव्हां आंकडा २.६ निघाला. महसूल खात्यांत कारकुनी करतां करतां आमचे केस पांढरे झाले. शिक्क्यावर जाऊं नये, मूळ नोंद पाहावी, असें आम्ही जन्मभर लोकांस सांगत आलों; आणि घरच्या कामांत मात्र शिक्का पाहून स्वस्थ बसलों.

हे क्षार येतात कोठून? नारळाच्या झाडास क्लोराइड व पोटॅश हीं मुबलक लागतात व तीं सोडणांत उतरतात. शिवाय केरळांत जुन्या रीतीनें सोडणें मचूळ खाडीच्या पाण्यांत कित्येक महिने कुजत घालीत; तशा मालांत समुद्राचें मीठहि भरतें. भुसा धुतांना तांबूस पाणी निघतें, व तें स्वच्छ निघूं लागलें कीं धुलाई झाली असें पुष्कळ जण समजतात. हा निव्वळ भ्रम होय. तो रंग टॅनिनचा. मिठास रंग नसतो. कांहीं जुने लोक जिभेनें चव पाहतात, परंतु जिभेस खारट लागेल त्याच्या कितीतरी आधीं कोंवळ्या मुळांस अपाय होतो.

यंत्राशिवाय गत्यंतर नाहीं. ईसी मीटर किंवा टीडीएस मीटर नांवाचें पेनाएवढें यंत्र थोडक्या किंमतींत मिळतें. भिजवून फुलविलेला भुसा एक वाटी व पावसाचें किंवा शुद्ध केलेलें पाणी दोन वाट्या एकत्र ढवळून अर्धा तास ठेवावें, फडक्यानें गाळावें व त्यांत मीटर धरावा. ह्या मापानें आंकडा ०.५ मिलिसीमेन्सच्या आंत असल्यास रोपांस तो भुसा चालेल, ०.७५ च्या वर असल्यास धुतल्याशिवाय भरूं नये. वाट्यांचें प्रमाण बदललें कीं आंकडाहि बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या आंकड्याशीं ताडून पाहतांना त्याचें प्रमाण आधीं विचारावें. टीडीएस मीटरमध्यें आणखी एक मेख आहे. कांहीं यंत्रें १ मिलिसीमेन्सचे ५०० धरतात, कांहीं ६४० वा ७००. तेव्हां पाणी एक व आंकडे दोन होतात.

भुशाच्याहि आधीं धुण्याचें पाणी मोजावें. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाण पट्टा सर्वांस ठाऊक आहे. तेथील विहिरीच्या पाण्यानें भुसा दहा वेळां धुतला तरी तो त्या पाण्याहून गोड व्हावयाचा नाहीं. अशा ठिकाणीं छपराचें पाणी सांठवावें. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानें १,००० लिटर पाणी होतें. थोडें वायां गेलें तरी कित्येक वड्यांची सोय होते. कोंकणांतील शेतकऱ्यास एवढाहि खटाटोप नको. भुसा उंचवट्यावर उघडा पसरून एक पावसाळा तसाच राहूं दिला तर मोकळे क्षार बहुतेक वाहून जातात.

सन २०२३ मध्यें आम्हीं भुसा शेडनेटच्या तुकड्यांत बांधून, विटांवर ठेवून, चार पाणी धुतला. आंकडा ०.४ वर आला. रोपें मेलीं नाहींत, पण पहिलें खत देतांच नवीं पानें वांकडीं येऊं लागलीं. येथें आमची समजूत अपुरी होती. भुशाच्या कणांस चिकटून बसलेला सोडियम व पोटॅश साध्या पाण्यानें सुटत नाहीं, व मीटरलाहि तो दिसत नाहीं. खतांतून कॅल्शियम येतांच कण त्यास ओढून घेतात व त्याच्या बदल्यांत सोडियम आणि पोटॅश सोडतात. रोप कॅल्शियमावांचून उपाशी राहतें आणि वर सोडियमाचा जाच सोसतें.

तेव्हां हा अदलाबदलीचा व्यवहार रोप लावण्यापूर्वींच उरकून घ्यावा. मोकळे क्षार पाण्यानें काढल्यावर आम्ही एका वडीच्या भुशास ६० लिटर पाण्यांत १२० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यांत रात्रभर भिजत ठेवतों, सकाळीं निथळतों, व पुन्हां दोन पाणी धुवून वरील रीतीनें मोजतों. जिप्सम स्वस्त खरें, परंतु तें पाण्यांत फार थोडें विरघळतें. २०२४ सालीं ह्या रीतीनें केलेलीं मिरचीचीं रोपें सरळ वाढलीं. मीटर एकंदर क्षार दाखवितो, कोणता क्षार किती हें सांगत नाहीं. ज्यांस मोठी रोपवाटिका चालवावयाची आहे त्यांनीं सोडियम व पोटॅश प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावे. प्रत्येक खेपेच्या दोन-तीन वड्या निरनिराळ्या तपासाव्या, कारण एकाच गाडींत आलेला माल एकसारखा असतोच असें नाहीं.

धुवणाचें पाणी विहिरीजवळ किंवा रोपांच्या वाफ्यांत सोडूं नये. आमच्या परसांत नारळाचीं चार झाडें आहेत. त्यांच्या आळ्यांत तें पाळीपाळीनें ओततों.